हळदीवर चालणारं औषध आणि हळदीसाठी मंजूर औषध

परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचा हवामानावर आधारित पीक सल्ला ज्यांच्या मोबाइलवर येतो, त्यांनी हळदीच्या परिच्छेदात कंसातलं एक वाक्य कधी ना कधी पाहिलं असेल. हळदीचा कंद पोखरणाऱ्या कंदमाशीसाठी क्विनालफॉस किंवा डायमिथोएट हे कीटकनाशक किती मिली घ्यायचं ते सांगून झाल्यावर तिथे लिहिलेलं असतं, की हळदीवर केंद्रीय कीटकनाशक मंडळाचे लेबल क्लेम नसल्याने विद्यापीठाच्या संशोधनाचे निष्कर्ष दिले आहेत.

हिंगोली-नांदेडकडच्या वसमत, कळमनुरी, अर्धापूर भागातले शेतकरी हे वाक्य ओलांडून थेट मिलीच्या आकड्याकडे जातात. त्यांना दोष देता येत नाही, कारण ज्याचे कंद पोखरले जात आहेत तो माणूस आधी औषध शोधतो. पण गेल्या काही वर्षांत कीटकनाशकांबद्दलच्या ज्या बातम्या आल्या, म्हणजे अमुक औषधावर बंदी, तमुक पिकावरचा वापर रद्द, मसाल्यातल्या अवशेषांची मर्यादा दहापट, परदेशातून माल परत, त्या सगळ्यांची किल्ली त्या कंसात आहे. ती समजली की बाकीचं अवघड राहत नाही.

नोंदणी नेमकी कशाची होते?

आपल्याकडे कीटकनाशकांचा कायदा १९६८ चा आहे आणि त्याचे नियम १९७१ चे. या कायद्याखाली फरिदाबादला केंद्रीय कीटकनाशक मंडळ आणि नोंदणी समिती आहे. देशात कोणतंही कीटकनाशक, बुरशीनाशक किंवा तणनाशक विकायचं तर या समितीची नोंदणी लागते.

बहुतेकांचा समज असा, की नोंदणी औषधाची होते. खरं तर ती होते औषध, त्याचं प्रमाण, पीक आणि कीड या चौघांच्या जोडणीची. अमुक टक्क्यांचं अमुक औषध, कपाशीवर, मावा-तुडतुड्यांसाठी, एकरी इतकं, आणि शेवटच्या फवारणीनंतर इतके दिवस काढणी करायची नाही. बाटलीवर आणि सोबतच्या घडीच्या पत्रकावर हेच छापलेलं असतं. याला म्हणतात लेबल क्लेम.

दुचाकीचं लायसन्स असलेला माणूस ट्रॅक्टर उत्तम चालवत असेलही. पण त्या लायसन्सवर त्याला ट्रॅक्टरची परवानगी मिळत नाही, कारण ट्रॅक्टरवर त्याची परीक्षा कुणी घेतलेली नसते. हळदीत क्विनालफॉसचं तसंच आहे. ते कंदमाशीवर चालतं हे विद्यापीठाने पाहिलं आहे. हळदीवर त्याची पूर्ण परीक्षा होऊन मंजुरी मिळालेली नाही.

पण औषध तेच, कीड मरते, मग पिकाने काय फरक पडतो?

हा प्रश्न कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर रोज विचारला जातो आणि त्याचं उत्तर बहुधा ‘काही नाही होत, मारा’ असं मिळतं. कीड मरण्यापुरतं ते बरोबर असतं. फरक पडतो तो पिकात मागे काय उरतं त्यात.

औषध पानावर पडल्यापासून कमी होत जातं. ऊन त्याला तोडतं, पाऊस धुतो, झाडातली रसायनं त्याचे तुकडे करतात आणि पीक वाढत जातं तसं उरलेलं औषध जास्त वजनात पसरतं. हा वेग पिकागणिक वेगळा असतो. भेंडी दिवसाआड तोडावी लागते, तिला थांबायला वेळच नसतो. तुरीच्या दाण्यावर शेंगेचं कवच असतं. द्राक्ष सालीसकट खाल्लं जातं, मोसंबी सोलून.

हळदीची गोष्ट आणखी निराळी. आपण खातो तो भाग जमिनीत. फवारणी पानावर केली तर औषध आंतरप्रवाही आहे की नुसतं स्पर्शाने मारणारं, यावर ते कंदापर्यंत पोचतं की नाही ते ठरतं. आंतरप्रवाही औषध झाडाच्या रसातून फिरतं, स्पर्शजन्य औषध पडलं तिथेच राहतं. पण कंदमाशी आणि कंदकुजीसाठी आपल्याकडे आळवणीही करतात, म्हणजे औषधाचं पाणी थेट कंदाभोवती मुरवतात. त्यातलं किती काळ्या जमिनीला चिकटून बसतं आणि किती कंदात शिरतं, हे टोमॅटोवर केलेल्या चाचणीतून कळणं शक्य नाही. शिवाय ओली हळद साधारण पाच किलो घेतली तर शिजवून, वाळवून एक किलोच्या आसपास हळकुंड मिळतं. पाणी जातं. जे औषध शिजवताना आणि उन्हात नष्ट होत नाही, ते त्या एका किलोत गोळा होतं.

म्हणून नोंदणी मागणाऱ्या कंपनीला त्या-त्या पिकावर, वेगवेगळ्या हवामानाच्या ठिकाणी प्रत्यक्ष शेतात प्रयोग करून, ठरावीक दिवसांनी नमुने काढून, किती अवशेष उरले याची माहिती द्यावी लागते. लेबलवरचे ‘काढणीपूर्वी इतके दिवस थांबा’ हे दिवस तिथूनच येतात. हळदीवर तो प्रयोग झालेला नसेल, तर थांबायचे दिवस अंदाजाने ठरतात.

एमआरएल म्हणजे काय, आणि काय नव्हे

त्याच प्रयोगांतून दुसराही एक आकडा निघतो. सांगितलेल्या मात्रेत, सांगितल्या वेळी फवारलं तर काढणीच्या मालात जास्तीत जास्त किती अवशेष सापडू शकतील, ही कमाल अवशेष मर्यादा. व्यापारात सगळे एमआरएल म्हणतात, आपणही तेच म्हणू. हा आकडा अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरण, म्हणजे एफएसएसएआय, ठरवतं. मोजमाप एका किलो मालात किती मिलिग्रॅम असं असतं.

इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. एमआरएल ही विषबाधेची रेघ नाही. ती नीट शेती केल्याची रेघ आहे. माणसाच्या तब्येतीची रेघ वेगळी असते. प्राण्यांवरच्या चाचण्यांत ज्या मात्रेला काहीही परिणाम दिसला नाही, ती मात्रा साधारणपणे शंभराने भागतात: प्राणी आणि माणूस यांतल्या फरकासाठी दहा, आणि माणसामाणसांतल्या फरकासाठी आणखी दहा. तो झाला रोज आयुष्यभर चालेल असा आकडा. एमआरएल ठरवताना लोक ते पीक किती खातात हे धरून एकूण पोटात जाणारं औषध या आकड्याच्या आत राहतं का, हे तपासलं जातं.

त्यामुळे एकाच औषधाचे पिकागणिक वेगवेगळे आकडे असतात. २०२४ च्या मे महिन्यात एफएसएसएआयने स्वतःच मोनोक्रोटोफॉसचं उदाहरण दिलं होतं: तांदळात ०.०३, लिंबूवर्गीय फळांत ०.२, मिरचीत ०.२ आणि वेलदोड्यात ०.५ मिलिग्रॅम. तांदूळ पोटभर खाल्ला जातो, वेलदोडा चिमूटभर.

आणि ज्या पिकाचा आकडाच ठरलेला नाही तिथे? तिथे सर्वसाधारण नियम ०.०१ मिलिग्रॅमचा. युरोपातही हाच. दहा टनांचा एक ट्रक माल धरला तर त्या सगळ्या ट्रकमध्ये मिळून एक दशांश ग्रॅम औषध चालतं, त्याहून जास्त नाही. म्हणजे जवळजवळ शून्यच.

लेबल क्लेमचा आणि खिशाचा संबंध इथे येतो. क्लेम नाही म्हणजे चाचणी नाही, चाचणी नाही म्हणजे आकडा नाही, आणि आकडा नाही म्हणजे शून्याजवळची मर्यादा. शेतकऱ्याने मात्रा बरोबर घेतली, वेळ बरोबर साधली, तरी माल अडकू शकतो.

मग मसाल्यांची मर्यादा दहापट का केली?

२०२४ च्या एप्रिलमध्ये दोन गोष्टी एकाच महिन्यात घडल्या आणि त्यांची सरमिसळ झाली.

पहिली म्हणजे एफएसएसएआयचा आदेश. मसाल्यांत ०.०१ ची मर्यादा ०.१ करण्यात आली. प्राधिकरणाचा खुलासा असा, की ही वाढ भारतात नोंदणी नसलेल्या कीटकनाशकांपुरती आहे, सगळ्यांना लागू नाही. त्याच खुलाशात आणखी दोन आकडे होते. देशात नोंदलेली कीटकनाशकं २९५ हून जास्त, त्यातली मसाल्यांसाठी नोंदलेली १३९. आणि कोडेक्स, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व आरोग्य संघटनांनी मिळून चालवलेला आंतरराष्ट्रीय अन्न-मानकांचा आयोग, याने मर्यादा ठरवलेल्या २४३ कीटकनाशकांपैकी मसाल्यांना लागू ७५.

दहापट हा शब्द ऐकून भीती वाटणं साहजिक आहे, म्हणून हिशोब करून पाहू. घरातल्या एका माणसाच्या पोटात दिवसाला पाच ग्रॅम हळद गेली आणि तिच्यात ०.१ च्या मर्यादेइतकं औषध असलं, तर पोटात गेले ०.०००५ मिलिग्रॅम. त्याच माणसाने तीनशे ग्रॅम ज्वारीच्या भाकरी खाल्ल्या आणि त्या पिठात ०.०१ च्या, म्हणजे दहापट कडक मर्यादेइतकं औषध असलं, तर गेले ०.००३ मिलिग्रॅम. कडक मर्यादेच्या भाकरीतून सैल मर्यादेच्या हळदीच्या सहापट औषध गेलं. खाण्याचं प्रमाण लक्षात न घेता नुसते आकडे शेजारी ठेवले की फसगत होते ती अशी.

तरीही माझा एक आक्षेप आहे. ज्या औषधाला देशात परवानगीच नाही, ते आपल्याच मसाल्यात सापडलं तर मर्यादेआधी ते आलं कुठून हा प्रश्न विचारायला हवा. आयात मालातून आलं असेल तर मर्यादेचं काम. आपल्या शेतातून आलं असेल तर ते विकणाऱ्याला शोधणं हे काम, आणि ते काम नुसतं मर्यादा वाढवून होत नाही.

हाँगकाँगने मसाले अडवले ते याच औषधांमुळे ना?

नाही, आणि हे शेतकऱ्यांसाठी महत्त्वाचं आहे. त्याच एप्रिलमध्ये हाँगकाँग आणि सिंगापूरने काही भारतीय मसाला मिश्रणं अडवली ती इथिलीन ऑक्साइडमुळे. हा वायू आहे. काढणीनंतर, कारखान्याच्या टप्प्यावर, मसाल्यातले जंतू मारायला तो वापरला जातो. शेतात तो कुणी फवारत नाही. त्या वेळी बाजारात ‘शेतकरी औषध जास्त मारतात’ असा सूर निघाला होता. त्या प्रकरणात तरी त्याला आधार नव्हता.

बंदी, वापर रद्द, निर्बंध: तिन्ही वेगळे

दुसरा गोंधळ बंदीच्या बातम्यांचा. २०१३ साली केंद्राने अनुपम वर्मा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमून ६६ जुन्या कीटकनाशकांचा आढावा घ्यायला सांगितलं. त्यातून २०१८ मध्ये १८ औषधांवर बंदी आली. मिथाइल पॅराथिऑन, कार्बारिल यांच्यासह बारा लगेच, आणि सहा २०२० च्या ३१ डिसेंबरपासून. या सहांत फोरेट होतं, म्हणजे ज्याला आपण थिमेट म्हणतो ते. हळदीत कंदमाशीसाठी वर्षानुवर्षं हेच दाणेदार औषध टाकलं जायचं. ते गेलं ते बरंच झालं, कारण ते अतिविषारी होतं आणि हाताने फेकलं जायचं. पण त्याच्या जागी हळदीसाठी रीतसर मंजूर झालेलं दुसरं काही आलं नाही.

२०२० च्या मे महिन्यात आणखी २७ औषधांच्या बंदीचा मसुदा निघाला. शेवटी २०२३ मध्ये पूर्ण बंदी आली ती डायकोफॉल, डिनोकॅप आणि मिथोमिल या तिघांवर. मोनोक्रोटोफॉसचं ३६ टक्क्यांचं द्रावण, कपाशीवाल्यांचं जुनं ओळखीचं, साठा संपवायला वर्षाची मुदत देऊन बंद करायचं ठरलं. कार्बोफ्युरानची ३ टक्के दाणेदार आवरणयुक्त प्रत सोडून बाकीच्या थांबवल्या.

उरलेल्या काही औषधांवर बंदी आली नाही, त्यांचा काही पिकांवरचा वापर रद्द झाला, आणि मराठवाड्याला हाच भाग जास्त लागू आहे. ज्वारीवर मॅलाथिऑन, क्विनालफॉस आणि मॅन्कोझेब तिन्ही रद्द. सोयाबीन, सूर्यफूल, भेंडी, वांगी, टोमॅटो, आंबा, द्राक्ष यांवर मॅलाथिऑन रद्द. भुईमुगावर ऑक्सिफ्लुओरफेन हे तणनाशक रद्द. मोसंबी-लिंबावर क्लोरपायरिफॉस रद्द, ते जालन्याच्या मोसंबीवाल्यांनी लक्षात ठेवावं. डायमिथोएट, आपल्याकडचं रोगर, कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या फळं-भाज्यांवर रद्द.

आता होतं असं, की मॅन्कोझेब दुकानात मिळतं, कारण ते इतर पिकांवर चालू आहे. दुकानदाराने ते विकणं गुन्हा नाही. त्यामुळे ज्वारीवरचा वापर संपला आहे ही गोष्ट शेतकऱ्यापर्यंत पोचायला बाटलीवरचं बारीक अक्षर आणि घडीचं पत्रक याशिवाय रस्ता राहत नाही. ते अक्षर चष्मा लावूनही वाचता येत नाही. राजपत्रातला आदेश आणि बांध यांच्यातलं हे अंतर भरून काढणं कृषी खात्याला जमण्यासारखं आहे. पेरणीआधी प्रत्येक ग्रामपंचायतीत पीकवार रद्द औषधांचा एक फलक लागला तरी पुरे.

लेबल सोडून फवारलं तर शेतकऱ्याला शिक्षा होते का?

१९६८ च्या कायद्याचं कलम ३८ स्वतः कसत असलेल्या जमिनीवरच्या वापराला कायद्यातून वगळतं. म्हणजे पोलीस येणार नाहीत. पण माल बाजारात गेला की दुसरा कायदा सुरू होतो, अन्न सुरक्षेचा, आणि तिथे अवशेष मोजले जातात. निर्यातीत तर समोरच्या देशाचे नियम. २०१० मध्ये युरोपात गेलेली भारतीय द्राक्षं क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाच्या अवशेषांमुळे अडकली. तेव्हा महाराष्ट्रातल्या बागायतदारांना बसलेला फटका जुने लोक अजून सांगतात. द्राक्षवाल्यांनी त्यातून बागेची नोंदणी, फवारणीची वही, मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राने दिलेली औषधांची यादी आणि निर्यातीआधी तपासणी अशी शिस्त बसवली. हळदीला अशी व्यवस्था अजून मिळालेली नाही.

टॉनिक आणि ‘जैविक’ बाटल्या

थोडक्यात एवढंच सांगतो. नाव न कळणाऱ्या बाटलीने कीड झटक्यात मरत असेल, तर आत रासायनिक कीटकनाशक असण्याची शंका घ्यावी. ज्याने ते फवारलं त्याला अवशेष कुठून आले हे कधीच कळत नाही. २०२१ मध्ये जैव-उत्तेजकं, म्हणजे बाजारातली बहुतेक टॉनिकं, खत नियंत्रण आदेशाखाली आणली गेली आणि त्यांत कीटकनाशक ०.०१ पीपीएमपेक्षा, म्हणजे किलोमागे ०.०१ मिलिग्रॅमपेक्षा, जास्त असू नये अशी अट घातली गेली. पक्कं बिल आणि त्यावर बॅच नंबर घेतला असेल तरच या अटीचा शेतकऱ्याला उपयोग.

फवारणाऱ्याचं काय?

अवशेषांची सगळी चर्चा खाणाऱ्याभोवती फिरते. एमआरएल पाळलं म्हणून पाठीवर पंप घेतलेला माणूस सुरक्षित झाला असं मुळीच नाही. २०१७ च्या पावसाळ्यात शेजारच्या यवतमाळात कपाशीवर फवारताना वीसहून जास्त शेतकरी-मजूर दगावले. त्या कपाशीच्या अवशेषांबद्दल कुणी चकार शब्द काढला नसता, कारण कापूस कुणी खात नाही. डब्यावरचा त्रिकोण हा या माणसासाठी असतो: लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा, हिरवा. त्याचा अवशेषांशी संबंध नाही. हिरव्या त्रिकोणाचं औषधही चुकीच्या पिकावर मारलं तर माल अडकतो, आणि लेबलप्रमाणे वापरलेलं लाल त्रिकोणाचं औषध माल पास करून माणसाला आडवं पाडू शकतं. नोंदणी समितीने औषध ठेवायचं की काढायचं हे ठरवताना आपल्याकडे उघड्या अंगाने, भाड्याच्या पंपाने, भर दुपारी फवारणारा मजूर समोर ठेवायला हवा असं मला ठामपणे वाटतं. मोनोक्रोटोफॉसला लागलेली वर्षं पाहता तो समोर ठेवला जात नव्हता.

हळदीसाठी क्लेम घेत का नाहीत?

कारण अर्ज करायचा कंपनीने, प्रयोगांचा खर्च कंपनीचा. कपाशी-सोयाबीनच्या क्षेत्रापुढे हळद लहान. त्यातून क्विनालफॉस, डायमिथोएट ही जुनी औषधं. कोणा एकाच्या मालकीची नाहीत. एका कंपनीने खर्च करून हळदीचा क्लेम मिळवला, तर कीटकनाशक कायद्याच्या कलम ९(४) खाली इतरांनाही त्याच अटींवर नोंदणी मिळते. मग पहिल्याने पैसे का घालावेत? एखाद-दुसऱ्या बुरशीनाशकाचा अपवाद सोडला तर म्हणूनच हळदवाल्यांच्या हाती फारसं काही लागत नाही.

यातून वाट आहे. कोडेक्सने मसाल्यांचे काही आकडे बाजारातल्या नमुन्यांच्या नियमित तपासणीवरून ठरवले आहेत, कारण लहान पिकांवर प्रत्येक औषधाचे शेतप्रयोग होणार नाहीत हे तिथे मान्य झालं आहे. वसमतच्या बाजारात येणाऱ्या हळदीचे नमुने हंगामभर घेऊन असं तपासता येतं. दुसरी वाट सरकारी खर्चाने प्रयोग करण्याची. कंदमाशीवर काय चालतं याची माहिती परभणीच्या विद्यापीठाकडे आहेच. फवारणीनंतर आणि आळवणीनंतर ओल्या कंदात, शिजवलेल्या कंदात आणि वाळल्या हळकुंडात किती अवशेष उरतात, एवढी मोजणी त्याला जोडायची आहे. वसमतला राज्य सरकारचं हळद संशोधन केंद्रही आहे. त्या केंद्राने आणि विद्यापीठाने मिळून दोन-तीन औषधांची ही माहिती तयार करून नोंदणी समितीपुढे ठेवावी, अशी मागणी हळदवाल्यांच्या शेतकरी कंपन्यांनी आताच लेखी करायला हवी. प्रयोग लागवडीपासून पॉलिशपर्यंत चालवावे लागतात, त्यामुळे मे-जूनची लागवड चुकली की पूर्ण वर्ष जातं.